बूस्टर सीट कधी सोडायची? साताऱ्यातल्या आई-बापांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्यात आमचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. सीटकव्हर, मॅट, हॉर्न यांच्या जोडीला काही वर्षांपासून लहान मुलांच्या सीटही ठेवतो, आणि जरा मोठ्या मुलांना गाडीच्या सीटवर उंच बसवणारी बूस्टरही. सीट घेताना लोक फारसं विचारत नाहीत. रंग कुठला, कव्हर धुता येतं का, झालं. खरे प्रश्न येतात पोरगं मोठं झाल्यावर. "आता काढून टाकू का?" हा प्रश्न फोनवर येतो, दुकानात येतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सीट तुम्ही लवकर काढलीत काय किंवा उशिरा काढलीत काय, आमच्या गल्ल्यात त्यानं फरक पडत नाही. पैसे तुम्ही केव्हाच दिलेत.

मुलगी आठ वर्षांची झाली. आता बूस्टर काढलं तर चालेल ना?

बहुतेक मुलींच्या बाबतीत नाही चालणार. आठ हा आकडा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या कायद्यातून आलाय आणि इंटरनेटवरून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलाय. तो तिथल्या दंडापुरता आहे. तिथलेच बालरोगतज्ज्ञ उंची बघायला सांगतात: ४ फूट ९ इंच, म्हणजे साधारण १४५ सेंटिमीटर. एवढी उंची काही मुलं नवव्या-दहाव्या वर्षी गाठतात. आपल्याकडची बरीचशी अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास तिथं पोचतात.

उंचीच का, ते न्हाव्याच्या दुकानात बघा. लहान पोराला तो खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून वर बसवतो. फळी पोराला धरून ठेवत नाही. त्याचं डोकं कात्रीच्या उंचीला आणते, एवढंच तिचं काम. बूस्टरचंही तसंच आहे. ते मुलाला बांधत नाही, बांधतो तो गाडीचा पट्टा. आणि तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा केलेला असतो. बूस्टर मुलाला एवढं वर उचलतं की पट्टा जिथं बसायला हवा तिथं बसतो. न्हावी फळी वाढदिवस बघून काढत नाही, तसंच हेही काढायचं नसतं.

मग बघायचं तरी कसं? घरच्या घरी तपासता येतं का?

येतं, आणि आधी गाडी उभी असतानाच बघा. बूस्टर काढा, मुलाला मागच्या सीटवर बसवा, पट्टा लावा आणि स्वतः बाजूच्या दारात उकिडवे बसून नीट न्याहाळा.

आधी पाठ. कंबर सीटच्या पाठीला अगदी चिकटलेली हवी, मध्ये हात जाईल एवढी फट नको. त्या स्थितीत गुडघे सीटच्या कडेवरून सहज खाली मुडपायला हवेत आणि तळपाय खाली टेकायला हवेत. पाय सरळ पुढं काढून बसावं लागत असेल तर पुढचं तपासायचीही गरज नाही. मग कमरेचा पट्टा बघा. तो पोटावर नको. मांडी जिथं सुरू होते तिथं, कमरेच्या हाडावर खाली बसलेला हवा. खांद्याचा पट्टा गळा आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मधून गेला पाहिजे. गळ्याला घासतोय किंवा दंडावर घसरतोय, दोन्ही नापास.

हे सगळं जमलं की शेवटची गोष्ट उरते, आणि बहुतेक मुलं तिथंच अडकतात: प्रवास संपेपर्यंत तसंच बसता आलं पाहिजे. दारात उभ्या गाडीत प्रत्येक पोर शहाणं असतं. पुण्याला निघा आणि आनेवाडीच्या टोलनाक्यावर मागं वळून बघा. तिथवर बहुतेक सगळे सरळ बसलेले असतात. मग खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून शिरवळला चहाला थांबाल तेव्हा पुन्हा बघा. पोरगं पुढं सरकलेलं, पाठीला बाक आलेला, हनुवटी छातीवर, पट्टा बरगड्यांखाली, असं दिसलं तर बूस्टर परत लावा.

यात मुलाचा दोष नसतो. त्याची मांडी सीटच्या खोलीपेक्षा आखूड असते. मागं टेकून बसलं तर सीटची कड पोटऱ्यांत रुतते, पाय लोंबकळतात, म्हणून ते नकळत पुढं सरकतं. "नीट बस" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. तुम्हाला हातपाय न टेकता उंच स्टुलावर दोन तास बसवलं तर तुम्हीही सरकाल.

पट्टा थोडा पोटावर आला तर एवढं काय बिघडतं?

पट्टा धरायला हाड लागतं. मोठ्या माणसाच्या कमरेला पुढच्या बाजूला दोन उंचवटे असतात. हात लावून बघा, लागतील. धक्का बसला की पट्टा त्यांच्यावर अडकतो आणि जोर हाडावर जातो. लहान मुलांचे हे उंचवटे अजून पुरते भरलेले नसतात. त्यामुळं पट्टा वर सरकतो आणि सगळा जोर मऊ पोटावर येतो. आतडी आणि कमरेजवळचा मणका एकदम सापडतात. डॉक्टर लोक या दुखापतीला सीटबेल्ट सिंड्रोम म्हणतात. अपघातानंतर पोटावर पट्ट्याच्या आकाराचा वळ दिसला तर मूल चालतंय-बोलतंय म्हणून घरी आणायचं नाही. सरळ दवाखान्यात न्यायचं.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. थोरल्याचं बूस्टर मी आठव्या वाढदिवसाला काढलं होतं. दुकानात सीट विकायच्या आणि घरी हे! उसाचे दिवस होते. संध्याकाळी कराडहून येताना नागठाण्याच्या अलीकडं पुढं ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक मारला, गाडी थांबली, कुठं काही आपटलं नाही. तरी पोरग्याच्या गळ्यावर लाल ओरखडा आणि कमरेचा पट्टा बेंबीच्या वर. नुसत्या ब्रेकनं एवढं झालं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं बूस्टर खाली आलं ते पुढं जवळजवळ तीन वर्षं राहिलं.

अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात असं दिसलंय की ४ ते ८ वर्षांच्या मुलांत नुसत्या पट्ट्यापेक्षा बूस्टरसह पट्टा असेल तर गंभीर दुखापतीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्या कायद्यात काय आहे? पोलीस पकडतात का?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची सीट न लावता गाडी चालवली, तर १,००० रुपये दंड. त्यात उंचीची अट नाही, बूस्टर कधी सोडायचं याचंही उत्तर नाही. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गळ्यावरून लावला तरी कायद्याच्या लेखी तुम्ही सुटलात. पोवई नाक्यावरच्या हवालदारापुरतं ते ठीक आहे.

बाहेरच्या देशांनी उंची लिहून ठेवलीय. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल ते. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर. आकडे वेगळे आहेत कारण शेवटी ते कायद्याच्या सोयीसाठी गोल केलेले आहेत. तुमच्या गाडीत पट्टा कुठं बसतो हे त्यांना माहीत नाही, तुम्हाला दिसतं.

मुलगा १४६ सेंटिमीटर आहे, तरी पट्टा गळ्याला लागतो. असं कसं?

गाडीगाडीत फरक असतो. कुठं मागची सीट खोल, कुठं उथळ. कुठं पट्ट्याचं वरचं टोक उंचावर, कुठं खाली. एकच मुलगी बाबांच्या हॅचबॅकमध्ये पास होते आणि मामाच्या मोठ्या गाडीत नापास. त्यामुळं "तिचं बूस्टर सुटलं" असं सरसकट म्हणता येत नाही. या गाडीत सुटलं, एवढंच म्हणा. उलटंही होतं: १४२ ची लांब पायांची मुलगी एखाद्या गाडीत अगदी व्यवस्थित बसते. अशा वेळी आम्ही फूटपट्टीपेक्षा पट्ट्यावर विश्वास ठेवतो.

वजनाचं काय? आमचा जरा अंगानं भरलेला आहे.

जुन्या युरोपीय मानकाच्या, म्हणजे आर ४४ च्या सीटवर वजन लिहिलेलं असतं. बूस्टरसाठी साधारण १५ ते ३६ किलो. नवं मानक आर १२९ उंचीवर चालतं. मूल वजनाची मर्यादा ओलांडून गेलं पण उंची कमी, असं झालं तर बूस्टर काढू नका, जास्त वजनाला चालणारं दुसरं बघा. गुबगुबीत मुलांचा कमरेचा पट्टा पोटावर चढतो, त्यांना बूस्टर उलट जास्त दिवस लागतं.

बूस्टरवर न्यायचं तरी कधी? चार वर्षांच्या भावाला दादाचं बूस्टर देऊ का?

घाई नको. ज्या सीटला स्वतःचे पट्टे असतात, त्यात मूल मावतंय तोवर राहू द्या. आर १२९ च्या हिशोबानं बूस्टर १०० सेंटिमीटरपासून पुढं. पण नुसती उंची पुरत नाही. बूस्टरवर मुलाला स्वतःहून नीट बसून राहावं लागतं, आणि चार वर्षांचं पोर समोर म्हैस दिसली तरी पट्ट्यातून अर्धं बाहेर येतं.

पाठ असलेलं घ्यावं की नुसती बैठक?

लहान असेपर्यंत पाठवालं. बाजूनं धक्का बसला तर डोक्याला आधार मिळतो, पट्टा खांद्यावर आणायला खाच असते, आणि मूल झोपलं तर मान कलंडत नाही. संध्याकाळी महाबळेश्वरहून उतरताना पाचगणी सोडलं की झोपत नाही असं पोर आम्ही पाहिलेलं नाही, आणि पसरणीच्या वळणांवर झोपलेलं पोर पट्ट्याखालून एका बाजूला ओघळतं. तेव्हा त्या पाठीची किंमत कळते.

२०१७ पासून युरोपात बिनपाठीच्या नव्या बूस्टरला मान्यता द्यायची तर ती १२५ सेंटिमीटरच्या वरच्या मुलांसाठीच देतात. आपल्याकडं ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त बैठका "३ वर्षांपासून" असं लिहून येतात. त्या लहान मुलासाठी घेऊ नका. मोठ्या मुलाला बैठक दिलीत तरी मागं गाडीचं हेडरेस्ट त्याच्या कानापर्यंत येतंय ना, हे बघा. हेडरेस्ट नसलेल्या मधल्या जागेवर नुसती बैठक ठेवायची नाही.

घरची उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवली तर? दोन-तीन हजार वाचतील.

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. नाही चालत. उशी धक्क्यात चेपते, मूल एकदम दोन-तीन इंच खाली जातं आणि नेमका त्याच क्षणी पट्टा सैल होऊन पोटावर चढतो. शिवाय उशी सीटवरून घसरते आणि मुलाला घेऊन पट्ट्याखालून पुढं जाते. बूस्टर कडक असतं आणि त्याला दोन्ही बाजूंना कमरेचा पट्टा खाली अडकवून ठेवायला शिंगं किंवा खाचा असतात. खरं काम त्या खाचांचं. गोधडीला त्या नाहीत.

पट्टा गळ्याला लागतो म्हणून आम्ही तो काखेतून किंवा पाठीमागून घेतो. बरोबर आहे ना?

नाही. एवढं करायचंच असेल तर बूस्टर परत आणा. काखेतून घेतलेला पट्टा बरगड्यांवर जोर देतो. पाठीमागं टाकला तर वरचं अंग मोकळं, डोकं सरळ पुढच्या सीटवर. पट्ट्याला क्लिप लावून खाली ओढणारी कापडी त्रिकोणी पट्टी मिळते, तीही आम्ही ठेवत नाही. ती खांद्याचा पट्टा गळ्यापासून लांब नेते खरी, पण त्याबरोबर कमरेचा पट्टा पोटावर ओढून आणते.

मागं मध्ये फक्त कमरेचाच पट्टा आहे. तिथं बूस्टर चालेल?

नाही. बूस्टरला कंबर आणि खांदा, दोन्हींचा पट्टा हवा. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला एकच पट्टा असतो. तिथं मोठ्या माणसाला बसवा आणि मुलांना दोन्ही बाजूंना.

पुढं कधी बसवायचं? रोज भांडण होतं.

१३ वर्षांपर्यंत मागंच, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे आणि आम्हालाही तो पटतो. एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन केलेली असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. बुटक्या मुलाच्या ती तोंडावर, मानेवर येते. बाळाची मागं तोंड करून लावायची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही. पिकअपसारखी एकाच रांगेची गाडी असेल आणि इलाजच नसेल, तर पुढची सीट जाईल तितकी मागं सरकवा आणि बूस्टर लावा.

गाडीला पाच स्टार आहेत. तरी बूस्टर लागतं?

लागतं. गाड्या आदळून बघून स्टार देणारी आपल्याकडची चाचणी, भारत एनसीएपी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात मुलांच्या सुरक्षेचे वेगळे ४९ गुण आहेत. पण त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे ठेवतात, आणि तेही मुलांच्या सीटमध्ये बसवून. म्हणजे ते स्टार सीट धरूनच मिळालेले आहेत. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला नुसता पट्टा लावून त्या गाडीत कुणी तपासलेलं नाही.

मुलाला मांडीवर घट्ट धरून बसते. माझ्यापेक्षा घट्ट कोण धरणार?

ताई, तुमच्या मायेबद्दल शंका नाही, गणित आडवं येतं. गाडी ताशी ५० किलोमीटरनं जाऊन आदळली आणि अंग अर्ध्या मीटरच्या आत थांबलं, तर प्रत्येक गोष्ट तेवढ्या क्षणापुरती सुमारे वीस पट जड होते. १० किलोचं बाळ २०० किलोचं. साखरेची चार पोती हातांत धरण्यासारखं आहे ते. वरून तुम्ही पट्टा लावलेला नसेल तर तुमचंही वजन बाळावर. एकच पट्टा दोघांभोवती घेणं हे त्याहून वाईट.

"आमची पोरं काय सीटवर वाढली का?" असं सासूबाई म्हणतात.

आजींचं खरं आहे, त्या काळी घरी गाडीच नव्हती. होती ती घाटात तीसच्या पुढं जात नव्हती. आता त्याच रस्त्यावर सहा पदरी महामार्ग आहे. आजींशी वाद घालू नका. त्यांना मागं नातवाशेजारी बसवा, त्यांचाही पट्टा लावा आणि नातवाचा पट्टा बघायचं काम त्यांच्याकडं द्या. आमच्या आईला हे काम दिल्यापासून गाडी सुरू करायच्या आधी आमचीच हजेरी घेतली जाते.

मागच्या सीटला पट्टा असतोच कशाला, असं म्हणणाऱ्या मामा-काकांना सप्टेंबर २०२२ ची आठवण करून द्या. पालघरजवळ अपघातात गेलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर, पट्ट्याविना होते. गाडी महागडी होती.

यात्रेला एका गाडीत आठ जण असतो. सगळी बूस्टर कशी मावणार?

मावत नाहीत. पट्टे पाच तर माणसं पाच. लांब जायचं असेल तर दोन गाड्या करा. मांढरदेवला निघताना पोरांना डिकीत कोंबून, मागचं दार उघडं ठेवून पाय बाहेर सोडलेले आम्ही पाहिलेत. तिथं बूस्टरबद्दल काय बोलायचं? सात सीटर असेल तर तिसऱ्या रांगेला तीन टोकांचा, म्हणजे कंबर आणि खांद्याचा, पट्टा आणि डोक्यावर जागा आहे का ते बघून मग बूस्टर लावा. जुन्या जीपच्या आडव्या बाकांवर ते कधीच लावायचं नाही.

वडाप, एसटी, रिक्षा यांचं काय?

तिथं बूस्टर लावायला पट्टाच नसतो. एसटीत मुलाला खिडकीकडं, तुम्ही बाहेरच्या बाजूला. वडापमध्ये दाराजवळची जागा मुलाला देऊ नका, आणि ड्रायव्हरशेजारी दोन माणसांच्या मध्ये गिअरपाशी तर नाहीच. पर्याय असेल तर एसटी घ्या, असं आमचं मत. भाड्याच्या टॅक्सीनं महाबळेश्वर करणार असाल तर गाडी ठरवतानाच मागचे पट्टे चालू आहेत का विचारा. बऱ्याच गाड्यांत बकल सीटकव्हरखाली गाडलेली असतात. कव्हरं आम्हीच बसवतो, म्हणून माहीत आहे. आमच्याकडं बसवलीत तर बकल वर काढून देतो.

आणि टू-व्हीलर?

रोजचा खरा धोका तिथं आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा हार्नेस, मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग, हा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. ४ वर्षांच्या वर मुलालाही हेल्मेट सक्तीचं. राजवाड्यावर टाकीवर उभं राहिलेलं पोर अजून रोज दिसतं.

मुलगा पाचवीत आहे. मित्र "बाळ" म्हणून चिडवतात, तो बूस्टरवर बसत नाही.

हा अवघड प्रश्न आहे आणि याचं उत्तर आमच्याकडं अर्धंच आहे. पाठवालं काढून नुसती काळी बैठक द्या, उंची १२५ च्या वर असेल तर. बाहेरून ती दिसतही नाही. दुसरं, त्यालाच तपासायला लावा. भिंतीवर १४५ ची खूण करा, दर दोन-तीन महिन्यांनी मोजा. "बाबा नाही म्हणतात" यापेक्षा "अजून चार बोटं कमी आहेत" हे मुलांना पटतं. आमच्या थोरल्यानं त्या खुणेसाठी दूध प्यायला सुरुवात केली होती, उंचीला किती फायदा झाला देव जाणे.

आणि तुम्ही स्वतः शाहूपुरीतून राजवाड्यापर्यंत पट्टा न लावता जात असाल, तर त्याला काही सांगायला जाऊ नका.

गावातल्या गावात लावायलाच हवं का? थंडीत जाड स्वेटर घातला असेल तर?

गावातही लावा. ताशी ५० वेग हा काही महामार्गाचा वेग नाही, वरचं गणित गावातलंच आहे. स्वेटरचं मात्र चांगलं विचारलंत. जाड जर्किनमुळं पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात कापूस चेपतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टा अंगालगत लावा, जर्किन वरून उलटं पांघरा.

घाटात उलटी येते, तेव्हा पट्टा काढू का?

गाडी बाजूला थांबवा, मग काढा. पिशवी हातात आधीच द्या.

जुनी सीट ओएलएक्सवर स्वस्तात मिळतेय. घेऊ?

ओळखीतली असेल आणि अपघातात सापडलेली नाही याची खात्री असेल तर घ्या. अपघातात प्लास्टिकला बारीक तडे जातात, वरून दिसत नाहीत. खाली किंवा पाठीमागं मान्यतेचं लेबल हवं: गोलातलं ई अक्षर आणि आर ४४ किंवा आर १२९, नाहीतर आपल्याकडचं एआयएस ०७२. बनवल्याची तारीख आणि किती वर्षं वापरायची तेही बहुतेक सीटवर छापलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या गाडीतलं प्लास्टिक ठिसूळ होतं. लेबलच फाडलेलं असेल तर फुकट मिळाली तरी नको.

एक बारीक गोष्ट. आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना, न अडकवलेलं रिकामं बूस्टरही पट्ट्यानं बांधून ठेवा. नाहीतर ब्रेक लागला की ते तुमच्या मानेवर येतं.

बूस्टर काढलं. आता ते काय करू?

लगेच देऊन टाकू नका. सहाएक महिने डिकीत राहू द्या. कोकणात जायचं असेल, मामाच्या गाडीतून जायचं असेल, रात्रीचा प्रवास असेल, तेव्हा पुन्हा लागतं. नंतर धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्यांना द्या, सोबत माहितीपुस्तिका द्या आणि अपघात झालेला नाही हे तोंडानं सांगा. झाला असेल तर मात्र कुणाला देऊ नका. कव्हर फाडा, प्लास्टिकवर मार्करनं "अपघातातलं" असं ठळक लिहा आणि मगच भंगारात घाला. भंगारवाला चांगली दिसणारी सीट तोडत नाही, पुढं विकतो. तशी एक सीट आमच्याच दुकानात नवं कव्हर बसवायला आली होती.